मजले तितकी मतं

कोथरूडमध्ये आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कित्येक वर्षं पिठाची गिरणी होती. गिरणीवाले गावी गेले, गाळा बरेच दिवस बंद राहिला आणि मग एका गुढीपाडव्याला तिथे कॅफे उघडला. कॅफेला नाव आहे. ते इंग्रजीत, बारीक अक्षरांत, भिंतीच्याच रंगात लिहिलेलं असल्यामुळे कुणी वाचलेलं नाही. गल्ली त्या जागेला अजून गिरणीच म्हणते. "आई, जरा गिरणीत जाऊन येतो," असं सांगून कॉलेजातली मुलं डबा न घेता बाहेर पडतात आणि दोन तासांनी येतात. आयांनाही काही विशेष वाटत नाही. पूर्वीही गिरणीत नंबर लागायला वेळ लागायचाच.

या कॅफेवरून इमारतीत दोन तट पडले आहेत, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तट पडायला माणूस एका मताचा तरी असावा लागतो. आमच्याकडे एकाच माणसाचं सकाळी दूध घेताना एक मत असतं आणि संध्याकाळी कट्ट्यावर दुसरं. तरी बरेच दिवस कान देऊन ऐकल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. कॅफेबद्दलचं मत वयावर, शिक्षणावर किंवा कोणाला मत दिलं यावर ठरत नाही, ते मजल्यावर ठरतं. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पण मागच्या बाजूला, पाण्याच्या पंपाकडे तोंड करून. मला कॅफे दिसत नाही, त्याचा वास येत नाही, आवाजही येत नाही. त्यामुळे मी अत्यंत समतोल विचारांचा मनुष्य आहे. माझ्या पाहण्यातले बहुतेक समतोल लोक मागच्या बाजूलाच राहतात.

पहिल्या मजल्यावर, कॅफेच्या बरोबर डोक्यावर, बँकेतून निवृत्त झालेले काका राहतात. काका भांडत नाहीत. ते कायदा काढतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम त्यांना तोंडपाठ आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. मोबाइलवर त्यांनी आवाज मोजायचं अॅप घेतलंय आणि गॅलरीत खुर्ची टाकून ते वहीत नोंदी करतात. तारीख, वेळ, खिडकी उघडी की बंद, कॉफी दळायचं यंत्र चालू की थांबलेलं. एकदा मी शेजारी उभा असताना आकडा एकदम ऐंशीच्या पुढे गेला. काकांचे डोळे चमकले. पेन उघडलं. तेवढ्यात आवाज थांबला आणि स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, "अहो, दाण्याचं कूट जाडसर ठेवू की बारीक?" ती नोंद वहीत नाही.

मी म्हटलं, "काका, गिरणी होती तेव्हा तर तुमच्या कपाटातल्या कपबश्या वाजायच्या. तेव्हा तक्रार नव्हती." काका क्षणभरही न थांबता म्हणाले, "तो आवाज कामाचा होता."

मला वाटतं, सगळ्या प्रकरणाचं मूळ या चार शब्दांत आहे. गल्लीचा राग कॉफीवर नाही आणि आवाजावरही नाही. तो काम नसताना बसलेल्या माणसांवर आहे. पुण्याला विश्रांतीचं वावडं नाही, उलट विश्रांतीला इतकी प्रतिष्ठा देणारं दुसरं शहर नसेल. पण ती दार लावून, पडदे ओढून, आडवं होऊन घ्यायची असते. भर दुपारी दीड वाजता, काचेमागे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा रीतीने, समोर कप ठेवून नुसतं बसायचं म्हणजे काय? चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारी एक ते चार दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हाच काकांना पुढचं दिसलं होतं म्हणे. मात्र चितळ्यांच्या दुकानात माणूस बाकरवडी घेऊन बाहेर तरी पडतो. इथे तो आत गेला की बाहेरच पडत नाही.

काकांची दुसरी आघाडी सेवाशुल्काची. हॉटेलांनी बिलात परस्पर सेवाशुल्क लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावलं, त्या आदेशाची छापील प्रत काका खिशात घेऊन कॅफेत गेले. आयुष्यात पहिल्यांदाच गेले, कॉफी मागवली, प्यायले आणि बिल मागितलं. बिलात पाच टक्के जीएसटी होता, सेवाशुल्क नव्हतं. काकांनी बिल उलटून मागची बाजूही पाहिली. त्या दिवशी ते खिन्न मनाने घरी आले. आता दर आठवड्याला एकदा जातात. कधीतरी लावतीलच, म्हणतात.

दुसऱ्या मजल्यावर आवाज पोचत नाही, तिथे दर पोचतो. कॅपुचिनो दोनशे वीस रुपये. ही रक्कम आमच्या इमारतीत रुपयांत कोणीच मोजत नाही. ज्याचं त्याचं चलन निराळं आहे. तिथल्या काकू दुधात मोजतात: जवळजवळ तीन लिटर म्हशीचं. बँकवाले काका ठेवीत मोजतात: दहा हजारांचं चार महिन्यांचं व्याज. गिरणीचं जुनं गिऱ्हाईक धान्यात मोजतं: तीसेक किलो दळण झालं असतं हो! सगळ्यांचे हिशेब ऐकल्यावर एका कपासाठी माणूस किती गोष्टींना मुकतो, हे कळून कोणालाही घाम फुटावा.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू या दराच्या मुद्द्यावर सगळ्यांत कडक होत्या. मग दादरहून त्यांच्या नणंदबाई आल्या. माहेरच्या घरावर आपली वहिनी कशी लक्ष ठेवून आहे हे पाहायला नणंद आलेली असली, की वहिनी घरातल्या फिल्टरवर समाधान मानत नाही. काकू त्यांना खाली घेऊन गेल्या, "आमच्याच इमारतीत आहे" असं दारातच सांगून टाकलं, आणि बिल आल्यावर मुद्दाम ते नणंदेला दिसेल असं ठेवलं. नणंदबाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढंच? आमच्याकडे तीनशेच्या खाली कोण घेतं?" त्या दिवसापासून काकूंचं म्हणणं आहे की दर फार कमी ठेवल्यामुळे कॅफेत नको ते लोक येतात.

तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे पुढच्या बाजूच्या तिसऱ्या मजल्यावर, प्रश्न संस्कृतीचा आहे. हा केवळ भूमितीचा परिणाम. पहिल्या मजल्यावरून कॅफेचं कापडी छत आडवं येतं, दुसऱ्यावरून फक्त लोकांचे पाय दिसतात. तिसऱ्यावरून मात्र कोपऱ्यातलं टेबल अख्खं दिसतं. तिथे एक आजी राहतात. सुरुवातीला मुलं-मुली एकत्र बसलेली पाहून त्यांनी सुनेजवळ चिंता व्यक्त केली. हळूहळू चिंतेचं रूपांतर आवडीत झालं. आता संध्याकाळी साडेपाच ते साडेसात त्या गॅलरी सोडत नाहीत. टीव्हीवरच्या मालिका त्यांनी बंद केल्या. "त्यात काही घडतच नाही," हा त्यांचा शेरा.

आजींचा खरा विषय स्थळं. घरी मुलगी पाहायला जाण्याची पद्धत आता मागे पडली. हल्ली मुलगा-मुलगी परस्पर कॅफेत भेटतात, आणि दोन्हीकडचे आईवडील "आम्ही सहज इकडे आलो होतो" असं दाखवत आतल्या टेबलावर बसतात. कॅफेने ही बाजारपेठ ओळखून कांदेपोहे ठेवले आहेत, एकशे साठ रुपये, वर ओलं खोबरं, शेजारी लिंबाची फोड आणि एक कसलंतरी पान, जे सगळे बाजूला काढून ठेवतात. एकशे साठ रुपयांच्या पोह्यांत दाणे नसतात हा निराळ्या लेखाचा विषय आहे. आजींनी या भेटींची लक्षणं बसवली आहेत. दोघांनी दुसऱ्यांदा कॉफी मागवली तर जमण्यातलं. मुलाने मोबाइल पालथा ठेवला तर अर्धं काम झालं. मुलीने बिल निम्मं निम्मं करायला सांगितलं तर नकार समजावा. "आणि दोघंही एकदम मेनूकार्ड वाचायला लागली ना, की संपलं," असं त्या मला म्हणाल्या. अनुरूपतेचं इतकं शास्त्र पत्रिका पाहणाऱ्यांकडेही नसावं. कॅफे बंद करा असं कोणी म्हणालं, की आजी त्याच्याकडे अशा पाहतात की तो विषय बदलतो.

सेक्रेटरींचा मजला महत्त्वाचा नाही. त्यांच्या दृष्टीने इमारत म्हणजे पार्किंग आणि त्यावर उगाच बांधलेली घरं. कॅफेला येणारे लोक दुचाक्या फाटकासमोर लावतात, ही तक्रार रास्तच आहे. रुग्णवाहिका यायची झाली तर अवघडच. सेक्रेटरींनी पहिल्यांदा साधी पाटी लावली: 'येथे वाहने लावू नयेत'. कोणी वाचली नाही. मग त्यांच्यातला पुणेकर जागा झाला. 'कॅफेत आलेल्यांनी आपले वाहन कॅफेतच न्यावे. टेबल मिळाल्यास लावावे.' त्याखाली आठवड्याने दुसरी: '"फक्त पाच मिनिटं" असे सांगू नये. कॉफी यायलाच वीस लागतात. आम्ही पाहिले आहे.' तिसरी पाटी नुसतीच, 'तुम्हीसुद्धा.'

परिणाम असा झाला की लोक त्या पाट्यांसमोर उभं राहून फोटो काढू लागले. एका मुलीने व्हिडिओ केला, तो बराच फिरला, आणि रविवारी निगडीहून, हडपसरहून माणसं पाट्या पाहायला येऊ लागली. आलीच आहेत तर कॉफी घेतात. गाड्या अर्थातच फाटकासमोर लावतात, कारण तिथूनच पाटी चांगली दिसते. कॅफेवाल्याने सेक्रेटरींना केक पाठवला. सेक्रेटरींनी तो परत पाठवला, पण संध्याकाळी. दुपारभर तो घरात होता आणि परत गेला तेव्हा एक तुकडा कमी होता, असं वॉचमन सांगतो.

कॅफेच्या आतलं मत मात्र कोणी विचारत नाही. कॉफी करणारा मुलगा हिंगोली जिल्ह्यातला आहे. त्याचं काम म्हटलं तर बारकाव्याचं. नऊ बारच्या दाबाने पाणी कॉफीच्या पुडीतून जायचं, पंचवीस ते तीस सेकंदांत कपात उतरायचं; लवकर उतरलं तर आंबट, उशीर झाला तर कडू. दूध वाफेवर साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापवायचं, कारण त्यापुढे गेलं की त्याचा गोडवा जातो आणि फेस बसत नाही. हे सगळं तो शिकून आला. आणि आला कुठे, तर जिथे पिढ्यान्‌पिढ्या दूध तीनदा उतू जाईपर्यंत कोणी त्याला तापलेलं मानत नाही अशा ठिकाणी. पहिल्या महिन्यात कप परत यायचे. "अरे, ही गार आहे." "सर, ती एवढीच गरम असते." "असते म्हणजे? आम्ही पन्नास वर्षं कॉफी पितोय." आता तो ऑर्डर घेतानाच विचारतो, "कॅफेची गरम की आपली गरम?" आपली गरम म्हटलं की तो दूध उकळतो आणि त्या वेळी कपाकडे पाहत नाही.

बँकवाल्या काकांनी त्याच्याकडे जायफळ मागितलं होतं. त्याच्याकडे दालचिनीची पूड होती, कोकोची होती, जायफळ नव्हतं. मराठी घरातली कॉफी जायफळाशिवाय होत नाही. जाग यावी म्हणून कॉफी आणि झोप लागावी म्हणून जायफळ, असं दोन्ही एकाच कपात घालून आपण कुठल्याही टोकाला जात नाही. दुसऱ्या दिवशी काका घरून जायफळ आणि किसणी घेऊन गेले. ती दोन्ही आता काउंटरवर असतात. काका गेल्यावर इतर लोकही किसून घेतात असं ऐकून काकांनी जायफळ किती उरलं हे पाहायला सुरुवात केली आहे.

भिंतीवर फळा आहे. त्यावर आजची कॉफी कुठल्या मळ्यातली, किती उंचीवरची आणि तिला कशाकशाची चव आहे, ते खडूने लिहिलेलं असतं. मळा बहुधा चिकमगळूरकडचा. देशातली सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते, आणि तिथल्याच डोंगरावर बाबा बुदन यांनी येमेनमधून लपवून आणलेल्या सात बिया लावल्या अशी कथा आहे. चवीपुढे 'संत्रं, गूळ, भाजलेला बदाम' असं काहीतरी असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ते वाचून विचारलं, "मग कॉफी कशाची चव लागते म्हणून घालतात यात?"

एक मात्र सांगायला हवं. आपल्या गल्लीवर काही अभूतपूर्व संकट कोसळलंय असं मानणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. मक्केत १५११ साली कॉफीवर बंदी आली होती. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच साली, १६७४ मध्ये, लंडनमध्ये बायकांच्या नावाने एक पत्रक निघालं: कॉफीघरांपायी आमचे नवरे कामातून गेले आणि नुसत्या गप्पा मारतात. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तिथल्या दुसऱ्या चार्ल्स राजाने सगळी कॉफीघरं बंद करायचा हुकूम काढला आणि लोकांचा गलका ऐकून तो अमलात यायच्या आत, दहा-बारा दिवसांत मागे घेतला. राजाला जमलं नाही ते आमच्या सेक्रेटरींना जमेल, असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही. पुण्यातच पाहा. १९३५ सालचं कॅफे गुडलक. त्याच्यामुळे अख्ख्या चौकाला लोक गुडलक चौक म्हणतात. फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीचं जुनं नाव तर 'मद्रास हेल्थ होम' होतं. इतकं पथ्यकर नाव घेतल्यावर शेजाऱ्यांनी तक्रार तरी काय करायची? आमच्या कॅफेवाल्याला हे कोणी आधी सांगायला हवं होतं.

चौथ्या मजल्यावरचा एक तरुण रोज दहा वाजता लॅपटॉप घेऊन खाली कॅफेत जातो आणि तिथूनच कंपनीचं काम करतो. एका कॉफीवर चार तास. त्याच्या घरात आई, वडील, बायको, दीड वर्षाचा मुलगा आणि दोन खोल्या आहेत. त्याचं कॅफेबद्दलचं मत विचारलं तर तो कानातलं काढून "काय म्हणालात?" म्हणतो आणि पुन्हा घालतो. माझ्या मते ते सगळ्यांत अनुकूल मत आहे.

अखेर विषय सर्वसाधारण सभेत आलाच. आवाज, वास, गाड्या, संस्कृती, सगळं विषयपत्रिकेवर होतं. पण खजिनदार उभे राहिले आणि त्यांनी खरं दुखणं मांडलं. गाळा भाड्याने दिल्याबद्दल मालकाकडून संस्थेला जे बिनभोगवटा शुल्क मिळतं, ते शासनाच्या २००१ सालच्या आदेशाप्रमाणे संस्थेच्या सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे भाडं मालकाला, कॉफीचे पैसे कॅफेला, आणि संस्थेच्या वाट्याला महिन्याकाठी जेमतेम एका कॅपुचिनोएवढी रक्कम. सभा गंभीर झाली. कोणीतरी म्हणालं, "दहा टक्केच ना? मग त्यांनीही आपल्याला दहा टक्के द्यावेत." ठराव तिथेच तयार झाला: सभासदांना कॅफेत दहा टक्के सवलत. सूचक सेक्रेटरी, अनुमोदक बँकवाले काका. संस्थेच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा पहिला ठराव. बाकीचे विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलले.

कॅफेवाल्याने सवलत लगेच मान्य केली, आणि खरी भांडणं तिथून सुरू झाली. सभासद म्हणजे कोण? भाडेकरू धरायचे का? सहसभासद? सभासदाची विवाहित मुलगी माहेरपणाला आली असेल तर? खजिनदारांनी संधी साधून अट घातली की थकबाकीदारांना सवलत नाही, देखभाल खर्चाची ताजी पावती काउंटरवर दाखवायची. कधी नव्हे ते तीन थकबाकीदारांनी मागचं सगळं भरून टाकलं. हिंगोलीचा मुलगा आता दूध साठ अंशांवर आणता आणता पावत्यांवरच्या तारखा तपासतो. स्वतः तो चहा पितो, समोरच्या टपरीवर, उभ्याने, आपल्याला हवा तेवढा गरम.

तेव्हा कधी आमच्या भागात आलात तर जरूर या. वनाझच्या मेट्रोने आलात तर उत्तम, गाडी आणलीत तर फाटकासमोर लावू नका. पत्ता विचारताना कॅफे म्हणू नका, गिरणी म्हणा. कोपऱ्यातल्या टेबलावर बसलात तर वर पाहून हात करा, आजींना आवडतं. फक्त सोबत कोण आहे याचा आधी विचार करा. जायफळ काकांचं आहे, बेतानं किसा. आणि कॉफी गरम हवी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा.